पावसाळ्यात कोकणातल्या परसात कोणती भाजी लावावी?

रत्नागिरीकडचं परस आणि जूनपासूनची लागवड असेल, तर सरळ वेलभाज्याच लावा: पडवळ, दोडकी, कारली, काकडी. टोमॅटो-कोबीच्या मागे आत्ता लागू नका, ते दिवाळीच्या सुमारास. आळं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा; पाणी साचलं की मुळं कुजतात. वेल मांडवावर चढवा. पडवळ कोवळं असतानाच टोकाला सुतळीने छोटा दगड बांधा, ते वाकडं न होता सरळ लांब सुटतं. दापोली कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तारा’ कारल्याचं नि ‘कोकण हरिता’ दोडक्याचं बी मिळालं तर तेच घ्या. फळमाशीने डंख केलेली, गळलेली फळं मात्र मांडवाखाली ठेवू नका, रोजच्या रोज वेचून खोल पुरा.