पहिला सिगार घेताना
पहिलाच असेल तर कनेक्टिकट रॅपरचा (म्हणजे बाहेरून सौम्य चवीचं तंबाखूचं पान गुंडाळलेला) डॉमिनिकन रोबुस्टो घ्या. रोबुस्टो हा आकार: साधारण 5 इंच लांब, रिंग गेज 50, म्हणजे 50/64 इंच जाड. क्युबनचाच हट्ट नको, नकली माल फार. बोटांनी हलकेच दाबा. मध्येच कडक गाठ लागली तर धूर अडणार. कॅप, म्हणजे तोंडाकडच्या टोकावरची पानाची टोपी, जेमतेम 2 मिलिमीटर कापा, तिच्या रेघेखाली पातं गेलं की रॅपर सुटत जातो. ज्योत न टेकवता, फिरवत फिरवत दुसऱ्या टोकाची कड शेकून घ्या. मिनिटाला एकच झुरका, तोही तोंडातच. घाई केली की तापून कडवट होतो. (छातीत न ओढल्यानं निरुपद्रवी ठरत नाही, बरं का!) मुंबईच्या पावसाळ्यात उघडा ठेवाल तर बुरशी धरेल. हवाबंद डबा आणि 65 टक्क्यांचा ह्युमिडिटी पॅक (आतला ओलावा तेवढाच राखणारी पुडी) पुरतो.