शंका-समाधान : नजरेतला रस्ता, नजरेतलं माप

प्र. गोडॉटमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कोड्यांचा गेम करतोय. भुईकोट किल्ल्यासारखा तट आणि बुरूज आहे. बुरुजाच्या माथ्यावरून पायऱ्या न उतरता पाऊल थेट खालच्या तटावर पडावं, असा ‘अशक्य’ रस्ता हवाय. टोकं जुळत नाहीत. जुळली तर माणूस अर्धा कापलेला दिसतो.
— डिप्लोमाचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उ. आधी कॅमेरा तपासा. प्रोजेक्शन ऑर्थोगोनल (लांबची वस्तू लहान न दिसणारं), आडवं वळण ४५ अंश, खाली झुकाव ३५.२६४ अंश. ड्रॉइंगच्या तासाला तीस-साठचा गुण्या हातात बसलेला असतो, म्हणून पुष्कळ जण इथं ३० टाकतात. तो कागदावरच्या रेषेचा कोन, कॅमेऱ्याचा नव्हे.

या कोनातून (०,०,०) आणि (३,३,३) हे ठोकळे (आकडे क्रमानं एक्स, उंची आणि झेड) पडद्यावर एकाच जागी पडतात. म्हणून (०,०,०)पासून एक्सवर ३ घरं, झेडवर ३ आणि मग सरळ वर ३ असा बुरूज रचा. ठोकळे लागतात दहा, दिसतात नऊ. (स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सव्हार्ड यांनी १९३४ साली नऊ घनांचाच अशक्य त्रिकोण काढला होता.)

एवढ्यावर सांधा बसत नाही, कारण बुरूज कॅमेऱ्याच्या जवळ आहे आणि तो तटावर चढून दिसतो. माथ्याच्या ठोकळ्याची एक्सकडची बाजू पूर्ण काढा. त्याखालच्या ठोकळ्याच्या त्याच बाजूतला वरची कड आणि मागची उभी कड यांमधला त्रिकोण कापा. ठोकळे एकमेकांना भिडतात त्या आतल्या बाजूही काढून टाका. मटेरियल अनशेडेड (उजेड-सावली न घेणारं) ठेवा आणि तीन दिशांना तीन सपाट रंग द्या. खरी सावली पडली की बिंग फुटलंच!

रस्ता एस्टार३डीनं (गोडॉटमधली वाट शोधायची सोय) शोधत असाल तर माथा आणि तटावरचा (१,०,०) हे बिंदू हातानं जोडा. लेव्हल फिरणार असेल तर हा जोड फक्त याच कोनात चालू ठेवा.

आता कापलेला माणूस. तो तटावर उतरताच तुम्ही त्याला मागच्या खोलीवर नेता, आणि जवळचा माथा त्याचा खांदा झाकतो. त्याला जवळच्याच खोलीवर, म्हणजे माथ्याच्याच पातळीवर (४,३,३), (५,३,३) असं दोन घरं चालू द्या आणि मग (३,३,३) वजा करा. पडद्यावर तो जागचा हलत नाही. उलट येताना दोन घरं आधीच तेवढं मिळवा.

प्र. ‘सुपरलिमिनल’ या गेमसारखी (२०१९) युक्ती करतोय : शेंगाचटणीची बरणी उचलून लांब नेली की मोठी व्हावी. पण ती भिंतीत घुसते.
— वाचक, अशोक चौक, सोलापूर

उ. सूत्र साधं आहे : नवं माप = मूळ माप × नवं अंतर ÷ मूळ अंतर. २ मीटरवरची २० सेंटिमीटरची बरणी १० मीटरवर १ मीटरची होते. तुमचा किरण (नजरेच्या दिशेनं भिंत शोधणारी अदृश्य रेषा) बरणीच्या मध्यातून जातो, त्यामुळे तिचा मध्य भिंतीला टेकतो आणि अर्धी बरणी आत. नुसती मागे ओढली तर माप बिघडतं. जवळून सुरुवात करून थोडं थोडं अंतर वाढवा, दर पावलाला त्या अंतराच्या मापाचा खोका टक्कर देतो का बघा, आणि शेवटचं मोकळं अंतर घ्या.

रिजिडबॉडीचं (फिजिक्सनं हलणाऱ्या वस्तूचं) स्केल बदलू नका, फिजिक्स ते टिकू देत नाही. मेश (दिसणारा आकार) आणि कोलिजन शेप (टकरीसाठीचा आकार) यांचं माप बदला. वस्तुमानही हातानं वाढवा : माप ५ पट तर वस्तुमान १२५ पट, नाहीतर मीटरभर बरणी धक्क्यासरशी फुग्यासारखी उडते.