आजोबांच्या फियाटला अलॉय बसवू का? वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा. मी नागपूरच्या महाल भागात राहतो. घरी आजोबांनी घेतलेली १९७१ची फियाट ११०० डिलाइट आहे, दोन वर्षं पैसे जमवून जमवून इंजिन आणि डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, आता फक्त चाकं राहिली. दुकानवाला म्हणते १४ इंची अलॉय देतो, भोकं एक-दोन एमएम मागेपुढे आहेत पण बोल्ट ओढला की बसते, आणि चाक बाहेर दिसलं पाहिजे म्हणून मागे स्पेसर, म्हणजे जाड चकती टाकू. बाबा नको म्हणतात, मी मात्र रोज फोटो पाहून राहिलो. दिवाळीत समृद्धीवरून शिर्डीला जायचं आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी त्या दुकानातून गाडी घरी आणा. "बोल्ट ओढला की बसते" हे चाकाच्या बाबतीत कोणी म्हणालं तर तिथं थांबायचंच नाही, भाव कितीही कमी असो.

अलॉय बसवायला माझा विरोध नाही, फियाटवर साधे आठ काड्यांचे छोटे अलॉय छान दिसतात, मी स्वतः बसवून दिले आहेत. पण चाक बसतं की नाही हे हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टनी बसतं त्या भागावर ठरतं. बोल्टांच्या भोकांच्या मधून जो गोल जातो त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार भोकं असली तर मोजणं सोपं, एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्नियर लावायचा, संपलं. फियाटच्या बऱ्याच गाड्यांना ९८ एमएम येतं आणि बाजारात मिळणारे बहुतेक छोटे अलॉय १०० चे. फरक फक्त दोनचा, म्हणजे प्रत्येक भोक एक-एक एमएम सरकलेलं, आणि म्हणूनच लोक फसतात, कारण बोल्ट आत जातो, पान्हा फिरतो, चाक घट्ट झाल्यासारखंही वाटतं. पण बोल्ट तिरपा बसलेला असतो, त्याचं शंकूसारखं बूड रिमच्या खाचेत एकाच बाजूला टेकलेलं असतं आणि रस्त्यावर सगळा भार तिथंच. तो हळूहळू सैल होतो नाहीतर वाकून वाकून तुटतो. तुमच्या गाडीचं माप कागदावरून घेऊ नका, चाक काढून मोजा, ५० वर्षांत कोणी हब बदलला असेल तर सांगता येत नाही. त्याच वेळी हबमध्ये बोल्ट जातो की हबला स्टड असून वरून नट लागतो तेही पाहून घ्या.

आणि हबला नवीन भोकं पाडू देऊ नका! लेथवाला अर्ध्या तासात पाडून देतो, पण हब एकदा चाळणी झाला की परत होत नाही, आणि या गाडीचा चांगला हब आता शोधून सापडत नाही.

पीसीडी जुळलं तरी मधलं मोठं भोक बघायचं. अलॉयचं भोक हबपेक्षा मोठं असलं तर चाक फक्त बोल्टांच्या भरवशावर मध्यात येतं आणि साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून आणतात. त्यासाठी मापाची सेंटरिंग रिंग मिळते, स्वस्त असते, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची बनवून घ्या.

स्पेसरचं काय? चाक किती आत-बाहेर बसणार ते ऑफसेटवर, म्हणजे हबला टेकणारा भाग चाकाच्या मध्यापासून किती सरकलेला आहे त्यावर ठरतं. जुनं चाक पालथं, म्हणजे तोंड जमिनीकडे करून ठेवा, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी टाका, पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा, त्यातून चाकाची एकूण रुंदी निम्मी करून वजा करा. ५ इंची रिमची बाहेरून रुंदी साधारण ६ इंच म्हणजे १५२ एमएम, निम्मी ७६, खोली १०० आली तर ऑफसेट २४. नव्याचं माप याच्या जवळपास पाहिजे. स्पेसर टाकून चाक जितकं बाहेर काढाल तितका बेअरिंगवर आणि पुढचं चाक धरणाऱ्या विशबोनच्या बुशवर ताण, शिवाय तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, इतवारीच्या गल्लीत उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना हात भरून येतील. मी स्पेसर बसवत नाही.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही, स्टेपनी. अलॉयचा बसण्याचा भाग जाड असतो म्हणून त्याला लांब बोल्ट लागतात, आणि स्टेपनी तुमची जुन्या पातळ पत्र्याच्या डिस्कची, म्हणजे साध्या लोखंडी चाकाचीच राहणार. पंक्चर झाल्यावर रात्री घाईत तेच लांब बोल्ट स्टेपनीला लावले की टोक मागे ड्रममध्ये निघतं आणि ब्रेकच्या शूला अडकतं. माझ्याकडे असंच एक चाक जाम झालेली गाडी टोचन करून आली होती, त्या माणसाचे हात थरथरत होते. म्हणून जुने बोल्ट कापडात बांधून पान्ह्यासोबत डिकीत ठेवा. बोल्ट बाराचा असेल तर निदान तेवढेच बारा एमएम आत धरले पाहिजेत, हाताने फिरवताना आटे मोजा. आणि बोल्टाचं बूड शंकूसारखं आहे की गोल, हे रिमच्या खाचेशी जुळलंच पाहिजे. बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनी परत टॉर्क रेंचनी, म्हणजे मोजून जोर देणाऱ्या पान्ह्यानी तपासा, पाय देऊन पान्हा दाबणं म्हणजे टॉर्क नाही.

टायर शक्यतो जुन्या टायरच्या उंचीचाच घ्या. १५५/८० आर१४ (१५५ एमएम रुंद, कडेची उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंची) ची उंची जवळपास ६०४ एमएम येते, दुकानवाले जो १६५/६५ आर१४ देतात त्याची ५७०, गाडी दीडेक सेंटीमीटर खाली बसेल आणि मीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ५७ वर असाल. रुंद टायरचा हट्टही नको, १०८९ सीसीचं इंजिन आहे, त्याला ओढायला लागतं.

कागदांचंही ऐका. २०२१ पासून ५० वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली, मोठे बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही हेही लक्षात ठेवा. तुमची गाडी वयात बसते, "मूळ रूपात" हा शब्द महत्त्वाचा. म्हणून पाचही जुन्या डिस्क आणि ते क्रोमचे कॅप भंगारात द्यायचे नाहीत, घासून प्रायमर मारून पलंगाखाली ठेवा. उद्या नोंदणी करायची ठरली तर एका दुपारी गाडी परत आजोबांची होते.

शिर्डीला जा, जरूर जा. पण टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षं झालेला टायर मी या प्रवासाला नेऊ देणार नाही. हवा सकाळी टायर थंड असताना बघा, कमी हवेचा टायर सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास चालला की आतून तापतो. तिथं गाड्या १२० नी जातात, तुम्ही डाव्या लेनमध्ये ७० नी चाला, दर तासाला थांबून चाकाला हात लावा, एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर पुढे जाऊ नका. आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवा.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ची मारुती ८०० आहे, टायर १४५/७० आर१२. झेनची १३ इंची चाकं मिळताहेत, बसतील का? — प्रतापनगर

उत्तर : ताई, बसतात, दोन्हींचं पीसीडी ११४.३ आहे. पण १४५/७० आर१३ घेतलात तर चाक साधारण अडीच सेंटीमीटर उंच होतं, ५०८ चं ५३३. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ वर असेल आणि चढावर पहिला गिअर जड वाटेल. घेण्याआधी दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे दोन माणसं बसवून मडगार्डला कुठं घासतं का ते पाहा. घासलं तर मडगार्डची कड ठोकू नका, चाकं परत करा. बारा इंची टायर अजून मिळतात, गाडी रोज चालवत असाल तर मी तेच घेईन.

प्रश्न : अलॉयला बारीक चीर दिसते, वेल्डिंग करू का? — कामठी रोड

उत्तर : नाही. बाहेरची कड वाकली असेल तर सरळ करता येते, चीर असलेला रिम मात्र वेल्डिंगनंतर कुठून तुटेल ते कोणी सांगू शकत नाही. तो आजच काढा आणि स्टेपनीवर गाडी चालवा.