विडुकिंड वाचायला घेताय? मग थेट दुसऱ्या भागापासून सुरू करा

लॅटिन नवीन असेल तर पहिल्या भागात अडकून बसू नका, विडुकिंड हा जर्मनीतल्या कॉर्व्हे मठातला साधू, साधारण 968 च्या आसपास सॅक्सन या जर्मन लोकांचा हा इतिहास लॅटिनमध्ये लिहून त्याने जर्मन राजा ऑटो पहिला याच्या मुलीला, मटिल्डाला अर्पण केला. दुसऱ्या भागाची सुरुवातच 936 मधल्या आखेन शहरातल्या ऑटोच्या राज्याभिषेकाने होते आणि ते वर्णन फार भारी आहे, मेजवानीत चक्क ड्यूक लोक (प्रांतांचे बडे सरदार) राजाची सेवा करतायत, एकाकडे जेवणाची जबाबदारी तर एकाकडे घोड्यांची! वाक्यंही त्यामानाने सोपी. मग पहिल्या भागात मागे या, तिथे एक सॅक्सन तरुण सोनं देऊन पदरभर माती विकत घेतो आणि तीच माती पातळ पसरून आख्खी जमीन आपली म्हणून सांगतो, ती गोष्ट अजिबात सोडू नका.

आता हस्तलिखितं. मूळ प्रत उरलेली नाही. मुख्य आधार म्हणजे इटलीतल्या माँते कॅसिनो मठाची 11 व्या शतकातली प्रत, शिवाय ड्रेस्डेन आणि लंडनच्या नंतरच्या प्रती, आणि त्यांच्यात मजकूर सगळीकडे सारखा नाहीये. म्हणून हिर्श आणि लोमन या संपादकांची 1935 ची आवृत्तीच घ्या, मोनुमेंटाच्या (मध्ययुगीन जर्मन इतिहासाची साधनं छापणारी मालिका) साइटवर फुकट आहे, आणि पानाखालच्या पाठभेदांवरून, म्हणजे प्रतींमधल्या वेगळ्या मजकुराच्या नोंदींवरून, नजर फिरवल्याशिवाय पान उलटू नका.

आणि हो, 962 मध्ये ऑटो रोमला सम्राट झाला ते विडुकिंड सांगतच नाही, त्याच्या लेखी 955 मध्ये लेखफेल्डला हंगेरियन लोकांवर विजय मिळवल्यावर सैन्यच ऑटोला सम्राट म्हणतं. माझ्या मते ग्रंथातली सगळ्यात विचार करण्यासारखी जागा हीच, तिथे घाई करू नका.