घाटेअळीवर विषाणू फवारताना

हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही, म्हणजे तिला रोग लावून मारणारा विषाणू, पहिल्यांदाच फवारतोयस ना? मग अळ्या लहान असतानाच फवार. बोटाएवढ्या झालेल्या अळ्या सहसा दाद देत नाहीत. फवारणी संध्याकाळीच कर, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. द्रावणात थोडी नीळ टाकलीस तर तो जास्त टिकतो.

दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतील, पण घाबरून रासायनिक औषध मारू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. विषाणू पोटात जावा लागतो, मग चार-सहा दिवस लागतात. नंतर शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळपट, पिचपिचीत अळ्या दिसतील. त्या तशाच राहू दे, त्यांच्यातूनच विषाणू पुढे पसरतो.

झाडं वाळवणाऱ्या मर या बुरशीजन्य रोगासाठी मात्र पेरणीआधीच बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळ. त्यात रासायनिक बुरशीनाशक मिसळू नकोस.