विषय ठरवण्याआधी झालेले काम तपासा

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत आहे. विषय पक्का करण्यापूर्वी त्यावरचा पद्धतशीर आढावा, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, वाचावा असे सुचवले जाते. ही पद्धत वैद्यकशास्त्राची ना? दहा-बारा महत्त्वाचे शोधनिबंध वाचून भागणार नाही का?

उत्तर : भागणार नाही, कारण ते दहा-बारा निबंध बहुधा गाजलेले किंवा आपल्या तर्काला दुजोरा देणारेच असतात. पद्धतशीर आढाव्यात एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासतात; प्रश्न, शोधाची ठिकाणे आणि निवडीचे निकष आधीच ठरवलेले असतात, त्यामुळे गैरसोयीचे निष्कर्षही बाजूला टाकता येत नाहीत.

असे न केल्यास काय होते, ते पाहा. शस्त्रक्रियेतला रक्तस्राव कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ॲप्रोटिनिनच्या, १९८७ ते २००२ या काळातल्या ६४ चाचण्या संशोधकांनी कालक्रमाने एकत्र मांडल्या, तेव्हा रुग्णाला रक्त देण्याची गरज या औषधाने कमी होते हे १९९२ मध्ये, बाराव्या चाचणीनंतरच स्पष्ट झाले होते, असे आढळले. (औषधाच्या सुरक्षिततेविषयी पुढे उभे राहिलेले प्रश्न निराळे.) तरीही तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आणि तुलनेसाठी निवडलेले रुग्ण त्या उपचाराविना राहिले. मला ही गोष्ट अक्षम्य वाटते.

वैद्यकशास्त्रात ही पद्धत अधिक रुळली हे खरे. कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून असे आढावे तयार करते. मात्र समाजशास्त्रीय विषयांसाठी कॅम्पबेल कोलॅबोरेशन, तर तुमच्या क्षेत्रासाठी कोलॅबोरेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एव्हिडन्स हेच काम करते.

आढावा हाती आला की केवळ निष्कर्ष वाचून थांबू नका. समाविष्ट अभ्यासांचा तक्ता बारकाईने पाहा : निरीक्षणे एकाच हंगामापुरती होती का, तुलनेसाठी वेगळे क्षेत्र राखले होते का, पूर्वग्रहाची शक्यता कितपत? सगळ्यांनी एकच उणीव ठेवली असेल, तर तुमच्या प्रबंधाची जागा तिथे आहे. उलट उत्तर भक्कम असेल, तर विषय बदललेला बरा. परिणाम न दिसलेले अभ्यास अनेकदा प्रसिद्धच होत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आढावा जुना असेल, तर त्यातला शोध ज्या तारखेला थांबला तिथून पुढे तेच शोधशब्द वापरा. आढावाच नसेल, तर ग्रंथपालांच्या मदतीने शोधशब्द ठरवा, निबंधांची निवड दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि असा तयार झालेला आढावाच प्रबंधाचा पहिला भाग म्हणून मार्गदर्शकांपुढे ठेवा.