घरातल्या आठवणींचं काय करायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

घरातली जुनी कागदपत्रं आणि मोठ्या माणसांच्या आठवणी हा विषय आपण मागच्या अंकात दिला होता. त्यावर खूप पत्रं आणि मेल आले, सगळे इथे मावणार नाहीत, म्हणून चार निवडलेत, नावं न देता.

प्रश्न : ताई, माझी आजी ८६ वर्षांची आहे, तिचं सगळं आयुष्य जळगावकडे गेलं. मी सुट्टीत जाते तेव्हा तिच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करते. पण एकच गोष्ट ती दरवेळी वेगळी सांगते, कधी म्हणते ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे तेव्हा धाकटा पोटात होता, कधी म्हणते कडेवर होता. मग खरं काय धरायचं? आणि ती बोलते आपल्या बोलीत, ते लिहून काढताना शुद्ध मराठीत करू का? घरचे म्हणतात कर, नाहीतर वाचणार कोण. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते कारण त्यात मला जराही शंका नाही, अजिबात करू नकोस. तू जळगावकडची आहेस तर बहिणाबाईंचंच बघ ना. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, लिहिता वाचता येत नव्हतं, नवरा लवकर गेला, शेतात राबत आणि जात्यावर दळताना गाणी सुचायची ती म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातली काही लिहून घेतली. त्या १९५१ मध्ये गेल्या, मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. लिहून घेणाऱ्यांनी पुण्याच्या भाषेत 'सुधारून' घेतलं असतं तर काय हातात राहिलं असतं सांग बरं, ती सगळी जादू त्या बोलीतच आहे. आणि जी गाणी कुणी लिहूनच घेतली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा आजी जशी बोलते तसंच लिही, अडलेले शब्द खाली समजावून सांग, वाचणारे वाचतात.

आता पोटात की कडेवर. दोन्ही ठेव. प्रत्येक रेकॉर्डिंगवर तारीख टाक, आजीला "मागच्या वेळी तर असं म्हणालीस" म्हणून टोकू नकोस, टोकलं की माणूस सावध होतो आणि मग आपल्याला आवडेल तेच सांगायला लागतो. साल काढायचं असेल तर साल विचारूच नकोस, आपल्याकडे त्या पिढीला साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) झाला तेव्हा तुझं लग्न झालेलं का, दुष्काळात सुकडी म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं वाटायचे तेव्हा घरात खाणारी तोंडं किती, लाल मिलो ज्वारीची भाकरी कुणी थापायची, असं विचारत गेलीस की वर्ष आपोआप बाहेर येतं. पुण्याच्या लोकांना पानशेतचं धरण फुटलं ते विचारावं, १२ जुलै १९६१, तिकडच्या म्हाताऱ्या माणसांची सगळी गणितं त्याच्या आधी आणि नंतर अशी असतात.

आणि आठवण थोडी वाकडी झाली म्हणून ती फुकट जात नाही. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरात कर्ज झालेलं, उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कळलं म्हणून दक्षिणा मिळेल या आशेनं काकांबरोबर निघाले, आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा गावातच होते. हे सगळं त्यांनी लिहिलं पुढे पंचवीसेक वर्षांनी, म्हणजे तपशिलात इकडचं तिकडे होणारच, अभ्यासकांनी अशा चुका दाखवल्याही आहेत. पण वेढ्यातल्या शहरात साध्या माणसांवर काय गुदरलं, कुणाच्या घरात लपायचं, पाणी कुठून आणायचं, लुटीत काय गेलं, हे सरकारी खलित्यात कुठे मिळणार? ते मिळालं कारण लिहिणारा माणूस कर्ज फेडायला निघालेला एक भिक्षुक होता, त्याची नजर दक्षिणेवर, जेवणावर, धर्मकृत्यांवर होती. परत आला तेव्हा जवळ पैसा जवळजवळ राहिला नव्हता, आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र आणली होती. त्याच्या आयुष्यानंच ठरवलं की त्याला काय दिसणार, आणि म्हणून आपल्याला ते दिसतं. तुझी आजी खडी फोडत होती, दुष्काळ तिला तिथून दिसला, तो तसाच येऊ दे.

प्रश्न : वडिलांच्या रोजनिशा सापडल्यात, त्यात काकांबद्दल आणि आईबद्दलही खूप कडवट लिहिलंय. बहीण म्हणते जाळून टाक. मला त्यावर कादंबरी लिहायचीय. लिहू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जाळू नका, एवढं आज ठरवा, बाकी सगळं नंतर ठरवता येतं. ठेवणं आणि छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घराघरात भांडणं होतात ती या दोन्ही एकच समजल्यामुळे. गोडसे भटजींचं पुस्तकसुद्धा लगेच छापलं नव्हतं, इंग्रजांची भीती होती, ते वारल्यानंतर १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी काढलं, तेही बरंच बदलून, काटछाट करून. पण मूळ हस्तलिखित नीट राहिलं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं, आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी ते मूळ स्वरूपात छापलं. मूळ जपलेलं होतं म्हणून चूक दुरुस्त करता आली. तुम्हीही रोजनिशा बंद पाकिटात ठेवू शकता, एखाद्या संस्थेला देताना इतकी वर्षं उघडू नका अशी लेखी अट घालता येते का ते विचारा.

कादंबरीचं म्हणाल तर लिहा, पण सूड म्हणून लिहू नका. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' परत एकदा वाचा. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्यानं आईला आठवणी लिहायला लावल्या, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेली ही बाई, आणि १९३४ पासून भागाभागानं जे आलं ते मराठीतलं सगळ्यात मोकळं आत्मचरित्र, निदान माझ्या मते. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, केवढा अपमान आणि एकटेपणा सोसला, नवऱ्याचा तापटपणा लहरीपणा सगळं लिहिलंय, पण एका ओळीतही त्याला खाली पाडायचा हेतू नाही. उलट तो माणूस जास्त आवडायला लागतो. हे जमायला वेळ जावा लागतो, टिळक १९१९ ला गेले आणि पुस्तक त्यानंतर किती वर्षांनी आलंय बघा.

दुसरा रस्ता दलित लेखक दया पवारांचा. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत. स्वतःकडे आणि आपल्या माणसांकडे बघायला एवढं अंतर लागतंच. तरी त्यांच्याच समाजातल्या काहींना ते उघडं करणं आवडलं नव्हतं, त्यामुळे तुमच्या काकांकडचे चिडणार नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. आई हयात असेल तर मात्र आधी तिच्याशी बोला, तिची बाजू त्या रोजनिशीत नाहीये, ती फक्त तिच्याकडेच आहे.

प्रश्न : आजोबांची पत्रं आणि काही मोडीतली कागदं ट्रंकेत आहेत. लॅमिनेट करून घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नको नको, लॅमिनेशन केलं की ते परत काढता येत नाही आणि आतला कागद गरमीनं खराब होतो. सेलोटेप, रबरबँड, स्टेपलर, टाचण्या काढून टाका. ट्रंक पोटमाळ्यावर असेल तर खाली आणा, ओल आणि उष्णता दोन्ही नको, कसर लागलीय का बघा. साध्या अ‍ॅसिड-फ्री कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नाव गाव लिहा, पेनानं नको. स्कॅन निदान ३०० डीपीआयला करा आणि कॉपी दोनतीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. पाकिटं फेकू नका, तारखेचा शिक्का त्यावरच असतो. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात तिथे चौकशी करा, वाचून देणारं कुणीतरी भेटतं. आणि एक, पत्र तुमच्याकडे असलं तरी मजकुराचा हक्क ज्यानं लिहिलं त्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो, तेव्हा दुसऱ्यांची पत्रं छापायच्या आधी त्यांच्या घरच्यांना विचारा.

प्रश्न : आमच्याकडे डायरी नाही, पत्रं नाहीत, कुणी शिकलेलंच नव्हतं. आईला फक्त जात्यावरच्या ओव्या येतात. याला कुणी ठेवा म्हणेल का? (एक वाचक, मुळशी)

उत्तर : म्हणेल काय, म्हटलंय! हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तुमच्या मुळशी-मावळ भागात तर खूपच काम झालं, आणि तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. माहेर, सासू, भाऊ, पाऊस, आंबेडकर, विठ्ठल सगळं आहे त्यात. ज्या बाईला घरात बोलायची सोय नव्हती ती पहाटे जात्याशी बोलली. पुढे त्या ओव्या ऑनलाईन आल्या तेव्हा गाणारीचं नाव आणि गावही सोबत दिलंय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नाहीतर लोकगीत म्हटलं की बाईचं नाव पुसलंच जातं.

आईला नुसतं शब्द सांगायला लावू नका, म्हणायलाच लावा, चाल गेली तर निम्मं गेलं. घरात जातं नसेल तर शेजारी कुठे असेल तिथे बसवा, हात फिरायला लागला की विसरलेल्या ओव्या येतात. बरोबर मावशी किंवा जाऊबाई असली तर आणखी चांगलं, एकीला आठवलं नाही तर दुसरी उचलते. प्रत्येक ओवीला विचारा ही कुणाकडून शिकलीस, आईकडून, सासूकडून की स्वतः जुळवलीस, आणि कुणाला उद्देशून आहे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या.